पाटी-दप्तर घेतले, टोचणीचे कार्ड पाहिले का?



मृग जवळ आला की आपल्या घरात दोन गडबडी एकदमच सुरू होतात. एक शेताची आणि दुसरी शाळेची. एकीकडे बी-बियाणे, खत, औताची डागडुजी; तर दुसरीकडे मुलांच्या वह्या, दप्तर, गणवेश. घरातले एखादे मूल पहिल्यांदाच शाळेत जाणार असेल तर मग विचारूच नका! बाप बाजारातून पाटी आणतो, आई नवा गणवेश दहा वेळा घडी करून ठेवते, आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते. ही हौस चांगलीच आहे. ती जरूर करावी.

पण या गडबडीत एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. रेशन कार्ड, आधार कार्ड, सातबारा ज्या पिशवीत असतो, त्याच पिशवीच्या तळाशी एक घडी घातलेले कार्ड असते. बाळाच्या वेळी नर्सबाईंनी दिलेले ‘माता व बाल संरक्षण कार्ड’. मूल दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत ते कार्ड घेऊन आई अंगणवाडीत जाते. नंतर ते पिशवीत पडते, ते पुन्हा बाहेर येत नाही. आईला वाटते, ‘झाल्या एकदाच्या सगळ्या सुया.’ बापाने तर ते कार्ड पुष्कळदा उघडूनही पाहिलेले नसते.

म्हणून या पत्रकातून आपल्याला मुख्य गोष्ट सांगायची आहे ती ही, की सुया संपलेल्या नाहीत. शाळेच्या वयात आणखी तीन सुया आहेत. एक पाचव्या वर्षी, एक दहाव्या आणि एक सोळाव्या वर्षी. त्याच्या जोडीला वर्षातून एकदा मुलाची नीट तपासणी. दप्तर चार दिवस उशिरा घेतले तरी बिघडत नाही. हे मात्र चुकवून चालणार नाही.

एका घरची हकीकत

मी आरोग्य शिक्षिका म्हणून गावोगाव फिरते. एका गावात पाहिलेली हकीकत सांगते. नावगाव सांगत नाही, कारण असे घर कोणत्याही गावात असू शकते.

नवराबायको कष्टाळू. पाच एकर कोरडवाहू, एक बैलजोडी, घरी म्हातारी आई आणि दोन लेकरे. थोरली मुलगी दुसरीत, धाकटा अजून अंगणवाडीत. श्रावणात मुलीला ताप आला, घसा दुखू लागला. आजीने हळद-मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या. दुसऱ्या दिवशी मान सुजली. शेजारीण म्हणाली, “गालगुंड असतील, गेरूचा लेप लावा.” लेप लावला. तिसऱ्या दिवशी पोरीला पाणी गिळवेना, श्वासाची घरघर ऐकू येऊ लागली. तेव्हा आईबाप घाबरून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन आले.

डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला. आत राखाडी-पांढरा पापुद्रा चिकटलेला होता. तो घटसर्प होता. लगेच १०८ ची गाडी बोलावून तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवले. विष उतरवणारे औषध दिले, जंतूंवरची इंजेक्शने दिली. या रोगाचे विष हृदयावर जाते, म्हणून पुढे बरेच दिवस तिच्या हृदयावर लक्ष ठेवावे लागले. ऐन खुरपणीच्या दिवसांत बाप दवाखान्यात आणि आईचा जीव टांगणीला! पोरगी वाचली. पण सगळ्याच वाचतात असे नाही.

दवाखान्यात कार्ड मागितले. बापाने घरून आणून दाखवले. बाळपणच्या साऱ्या मात्रा घेतलेल्या होत्या. दीड वर्षांची मात्राही होती. पाच वर्षांचा रकाना मात्र कोरा होता. त्या वर्षी नर्सबाईंचा निरोप आला होता, पण त्या दिवशी दोघेही शेतात होते. आजी म्हणाली होती, “आता पोर मोठी झाली, तिला काय टोचायचं?”

गावात घरभेटीला गेले तेव्हा तो बाप मला म्हणाला, “बाई, दर साली पाऊस पडायच्या आत मी बैलांना घटसर्पाची लस टोचून घेतो. एक साल चुकवलं नाही. अन् त्याच नावाचा रोग माझ्या पोरीला झाला.”

त्याची बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “अहो, बैलाची तारीख तुम्हांला ठाऊक. पोरीची तारीख मला ठाऊक असायला हवी होती.” मी म्हटले, “वहिनी, दोन्ही तारखा दोघांनाही ठाऊक असायला हव्यात.”

बैलाचा घटसर्प आणि मुलाचा घटसर्प

इथे एक खुलासा केला पाहिजे. गुरांचा घटसर्प आणि माणसांचा घटसर्प हे दोन वेगळे रोग आहेत. दोन्हींचे जंतू वेगळे. दोन्हींत गळा सुजतो, श्वास कोंडतो. पण बैलाचा घटसर्प मुलाला होत नाही आणि बैलाची लस मुलाच्या कामाची नाही.

तरीही त्या बापाच्या बोलण्यात एक शहाणपण आहे. जनावराला एकदा टोचले म्हणजे जन्माचे झाले, असे कोणताही शेतकरी मानत नाही. लसीचा जोर काही काळाने उतरतो, तो पुन्हा भरून काढावा लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. शेताच्या बांधाचेही तसेच. यंदा चांगला घातला म्हणून तो कायम टिकत नाही, पावसाने झिजतो. झिजला की माती ओढून पुन्हा नीट करावा लागतो. मुलाच्या अंगातल्या संरक्षणाचा बांधही असाच हळूहळू झिजतो. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने या वयात दिलेल्या लसींनी तो बांध उभा राहतो. दीड ते दोन वर्षांत त्यावर पहिली माती ओढतात. पाच ते सहा वर्षांत दुसरी. यालाच डॉक्टर ‘बूस्टर’ म्हणतात.

आणि नेमके याच वयात मूल घराबाहेर पडते. आजवर ते घरात, वाड्यात, चार-दोन मुलांत खेळत होते. आता एका वर्गात तीस-चाळीस मुलांबरोबर बसणार, एका नळाला पाणी पिणार, एका ओळीत जेवणार. घटसर्प आणि डांग्या खोकला हे रोग खोकल्या-शिंकण्यातून पसरतात. म्हणजे एकीकडे बांध झिजलेला आणि दुसरीकडे पाऊस सुरू! आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत घटसर्पाचे पुष्कळ रुग्ण पाच वर्षांच्या पुढचे आढळतात, त्याचे एक कारण हेच आहे. बाळपणच्या सुया घेतल्या, पुढच्या राहिल्या.

शाळेच्या वयातल्या तीन सुया

१) पाच ते सहा वर्षे : त्रिगुणी लसीची (डीपीटी) दुसरी बूस्टर मात्रा. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तीन रोगांपासून संरक्षण. दंडावर टोचतात.

२) दहा वर्षे : टीडी लस. धनुर्वात आणि घटसर्प यांपासून संरक्षण.

३) सोळा वर्षे : टीडी लस पुन्हा एकदा.

पूर्वी दहाव्या आणि सोळाव्या वर्षी फक्त धनुर्वाताची लस देत असत. आता त्याऐवजी टीडी देतात, म्हणजे घटसर्पाचाही बंदोबस्त होतो. मुलगा असो की मुलगी, तिन्ही सुया दोघांनाही सारख्याच लागतात. सरकारी आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात आणि गावातल्या लसीकरणाच्या दिवशी त्या मोफत मिळतात.

हे तीन रोग ओळखून ठेवा

घटसर्प : ताप, घसा दुखणे, गिळायला त्रास, मानेला सूज, घशात राखाडी-पांढरा पापुद्रा. हा पापुद्रा घरी बोटाने किंवा कापडाने खरवडून काढायचा प्रयत्न करू नका. रक्त येते आणि मूल गुदमरू शकते. तासाचाही उशीर न करता दवाखाना गाठा. हा रोग एकदा होऊन गेला तरी पुन्हा होणार नाही असा भरवसा नसतो, म्हणून त्या मुलीला बरी झाल्यावर लसही द्यावी लागली. घरातल्या आणि वर्गातल्या मुलांना तपासून औषध दिले, ज्यांची मात्रा राहिली होती त्यांना लस टोचली.

डांग्या खोकला : खोकल्याची उबळ आली की थांबत नाही, मूल लालबुंद होते, श्वास ओढताना आवाज येतो, शेवटी उलटी होते. हे दुखणे कित्येक आठवडे चालते. शाळेतले मूल त्यातून बहुधा निभावते. पण घरात दोन महिन्यांचे तान्हे बाळ असेल तर त्याच्या जिवावर बेतते. तान्ह्या बाळाला पुष्कळदा उबळही येत नाही, एकदम श्वासच थांबतो. थोरल्याने शाळेतून आणलेला खोकला धाकट्याला भोवतो, तो असा. थोरल्याची पाचव्या वर्षाची सुई ही धाकट्याचीही राखण आहे, हे विसरू नका. आणि धाकट्याची पहिली सुई दीड महिन्याला वेळेवर द्या.

धनुर्वात : याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. आपली मुले दिवसभर कुठे असतात? अंगणात, गोठ्यात, बांधावर, अनवाणी. काटा मोडला, खिळा लागला, विळा लागला की जंतू जखमेतून आत जातात. जबडा बसतो, अंग धनुष्यासारखे ताठते. हा रोग एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. म्हणून इतर साऱ्या गावाने लस घेतली तरी आपल्या मुलाचे त्यात काही भागत नाही. ज्याने घेतली, त्यालाच संरक्षण.

आज रात्री कार्ड उघडा

जेवणे झाली की दोघांनी मिळून कार्ड काढा. वाचता येत नसेल तर थोरल्या मुलाला वाचायला सांगा. खालच्या यादीशी ताडून पाहा.

जन्मल्यावर : बीसीजी (क्षयरोगासाठी), पोलिओचे थेंब, कावीळ ‘ब’ ची लस.

दीड, अडीच आणि साडेतीन महिने : पंचगुणी (पेंटाव्हॅलंट) लस, पोलिओचे थेंब आणि रोटा व्हायरसचे औषध, प्रत्येकी तीन वेळा. दीड आणि साडेतीन महिन्यांना त्याबरोबर पोलिओचे इंजेक्शन आणि न्यूमोनियासाठी पीसीव्ही.

नऊ महिने पूर्ण झाल्यावर : गोवर-रुबेलाची पहिली मात्रा, पीसीव्हीची बूस्टर मात्रा, पोलिओचे तिसरे इंजेक्शन, ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस.

सोळा ते चोवीस महिने : गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा, त्रिगुणीची पहिली बूस्टर मात्रा, पोलिओचे थेंब. पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्व.

पाच ते सहा वर्षे : त्रिगुणीची दुसरी बूस्टर मात्रा.

काही जिल्ह्यांत याशिवाय जपानी मेंदूज्वराची लस देतात. आपला जिल्हा त्यात आहे का, हे नर्सबाई सांगतील. मूल पाच-सहा वर्षांपूर्वी जन्मले असेल तर नंतर सुरू झालेल्या एक-दोन लसी, जसे पोलिओचे तिसरे इंजेक्शन, त्याच्या कार्डावर नसतील. त्याने घाबरून जाऊ नका, नर्सबाईंना दाखवा.

ज्या रकान्यात तारीख आहे ती मात्रा झाली. जो रकाना कोरा आहे त्यावर पेन्सिलीने खूण करा. सकाळी ते कार्ड घेऊन आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात जा. बस्स, एवढेच काम!

गोवराची दुसरी मात्रा विशेष बारकाईने पाहा. पहिली घेतली आणि दुसरी विसरली, असे पुष्कळ घरांत होते. ‘गोवर म्हणजे बायाची कृपा, तो यायचाच’ असे जुनी माणसे म्हणत. पण गोवरात न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, डोळे जातात, मूल दगावते. २०२२ सालाच्या अखेरीस मुंबईत आणि राज्यातल्या आणखी काही शहरांत गोवराची साथ आली आणि मुले गेली, हे आपण बातम्यांत ऐकले असेल. गोवर इतका झपाट्याने पसरतो की लस न घेतलेली मुले जिथे साठतात तिथे तो हमखास येतो.

मात्रा राहिली असेल तर?

उशीर झाला म्हणून लाजू नका आणि नर्सबाई रागावतील म्हणून घरी बसू नका. राहिलेली मात्रा पुढे घेता येते. पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागत नाही; जिथे थांबले तिथून पुढे जायचे. गोवर-रुबेलाच्या राहिलेल्या मात्रा पाच वर्षांपर्यंत नेहमीच्या लसीकरणात घेता येतात. त्रिगुणी लस सात वर्षांपर्यंत देतात. सात वर्षे उलटली तर त्याऐवजी टीडी देतात. म्हणजे वाट बंद होत नाही, पण जितके लवकर तितके बरे.

ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा कामासाठी परमुलखात जाणाऱ्या कुटुंबांना एक खास विनंती. बिऱ्हाडाच्या सामानात कार्ड आठवणीने ठेवा. लस आपल्याच गावात घेतली पाहिजे असे नाही. कारखान्याच्या तळाजवळच्या आरोग्य केंद्रातही ती मोफत मिळते. आपण तेथे नवे असलो तरी मूल परके नसते. कार्ड दाखवा आणि हक्काने मागा.

तपासणी : लसीची जोडीदारीण

आता दुसरी गोष्ट. लस पुढे येणारे रोग अडवते. पण मुलाच्या अंगात आधीच काही दडून बसले असेल तर ते शोधायला तपासणी लागते. त्यासाठी ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ आहे. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. या कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा येते. पथकात डॉक्टर असतात, परिचारिका असते, औषध देणारे असतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. उंची, वजन, डोळे, कान, दात, त्वचा, हृदय, रक्त कमी आहे का, बोलण्या-चालण्यात मागे आहे का, हे सारे पाहतात.

पण पथक वर्षातून एक दिवस येते. आपण मुलाला वर्षभर पाहतो. म्हणून पुढील गोष्टींकडे आपणही लक्ष ठेवा:

• पुस्तक नाकाला लावून वाचते, फळ्यावरचे दिसत नाही, डोळे बारीक करते. त्याला नजरेचा चष्मा हवा असेल.
• अंधार पडला की ठेचकाळते. ‘अ’ जीवनसत्त्व कमी असेल.
• कान वाहतो. हाक मारली तर ‘काय?’ म्हणून पुन्हा पुन्हा विचारते. कान तपासा. कानात गरम तेल घालू नका.
• चेहरा फिकट, पापणीच्या आत पांढुरके, माती किंवा खडू खाते, लवकर थकते. रक्त कमी आहे.
• पळाले की धाप लागते, ओठ निळे पडतात. हृदय तपासले पाहिजे.
• अंगावर फिकट चट्टा आहे आणि तिथे टोचलेले कळत नाही. कुष्ठरोगाची शंका. औषध मोफत आहे आणि रोग पूर्ण बरा होतो.
• दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटते. क्षयाची तपासणी करा.

एक गोष्ट मनापासून सांगते. ज्या मुलाला फळा दिसत नाही, त्याला आपण ‘मठ्ठ’ म्हणतो. ज्या मुलीला ऐकू येत नाही, तिला ‘हट्टी’ म्हणतो. मास्तर मारतात, बाप रागावतो, आणि चौथी-पाचवीत मूल शाळा सोडून गुरे राखायला जाते. एका चष्म्याने त्याचे सारे आयुष्य बदलले असते. मारण्याआधी तपासून घ्या!

चिठ्ठी खिशात ठेवू नका

तपासणीत काही आढळले तर पथकाचे डॉक्टर पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी देतात. इथे गाडी अडते. मूल ती चिठ्ठी दप्तरात विसरते, नाही तर बाप सदऱ्याच्या खिशात ठेवतो आणि सदरा धुण्यात जातो. महिने निघून जातात.

चिठ्ठी म्हणजे घाबरवण्याचा कागद नव्हे. ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी पुढची तपासणी आणि उपचार मोफत होतात. हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल अशा दोषांवरची शस्त्रक्रियासुद्धा या कार्यक्रमात मोफत होते. ‘खर्च कुठून आणू?’ या भीतीने कोणी थांबू नये. चिठ्ठी मिळाल्यापासून आठ दिवसांत आशाताईंना दाखवा आणि जायचा दिवस ठरवा.

शाळेत मिळणाऱ्या गोळ्या फेकू देऊ नका. जंताची गोळी वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये देतात. ती चावून खायची. लोहाची गोळी आठवड्यातून एकदा असते. लहान मुलांना गुलाबी, दहा वर्षांपुढच्या मुलामुलींना निळी. ती जेवणानंतर घ्यावी, वर चहा पिऊ नये. शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

शंका आणि समाधान

शंका : मागच्या वेळी सुई दिल्यावर ताप आला होता. मग पुन्हा कशाला?
समाधान : त्रिगुणी लसीनंतर एक-दोन दिवस थोडा ताप येतो, दंड दुखतो, लालसर होतो. अंगात संरक्षण तयार होत असल्याची ती खूण आहे. नर्सबाईंनी सांगितलेल्या मापाने तापाचे औषध द्या, ओल्या फडक्याने अंग पुसा. टोचलेल्या जागी चोळू नका, हळद-चुना लावू नका. लस दिल्यावर अर्धा तास तेथेच थांबा. ताप फार चढला, फिट आली किंवा मूल सुस्त पडले तर लगेच आरोग्य केंद्रात न्या.

शंका : मुलाला सर्दी-खोकला आहे. लस पुढे ढकलू का?
समाधान : साध्या सर्दीत लस देता येते. मूल फार आजारी असेल किंवा मागे लसीनंतर फिट आली असेल, अंगावर जोराची पित्ते उठून श्वास लागला असेल, तर ते नर्सबाईंना आधी सांगा. निर्णय त्या आणि डॉक्टर घेतील.

शंका : एकच सुई सगळ्यांना वापरतात का?
समाधान : नाही. प्रत्येक मुलाला नवी सुई-सिरिंज. ती अशी बनवलेली असते की एकदा वापरली की पुन्हा वापरताच येत नाही. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. तो आपला हक्क आहे.

शंका : पोलिओचे डोस दरवेळी दिले. तेवढे पुरे नाही का?
समाधान : पोलिओचे डोस फक्त पोलिओपासून वाचवतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, गोवर यांच्या लसी वेगळ्या आहेत.

शंका : कार्ड हरवले. आता?
समाधान : नर्सबाईंच्या नोंदवहीत नोंद असते, आता संगणकावरही ठेवतात. उपकेंद्रात जाऊन नवे कार्ड मागा. कार्ड नाही म्हणून लस चुकवू नका.

शंका : टोचल्याने पुढे मूल होण्यात अडचण येते, असे ऐकले.
समाधान : ही निव्वळ अफवा आहे. त्रिगुणी किंवा टीडी लसीचा मूल होण्या-न होण्याशी काहीही संबंध नाही. अशी अफवा ऐकली तर पुढे सांगू नका, नर्सबाईंना विचारा.

आपल्या वाडवडिलांनी जे पाहिले

घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांच्या लहानपणी देवीच्या रोगाने चेहऱ्यावर वण पडलेली, डोळे गेलेली माणसे गावोगाव असत. देवी टोचणाऱ्याला पाहून मुले पळून जात. तरीही घरोघर टोचणी झाली आणि १९७५ साली आपल्या देशातला देवीचा शेवटचा रुग्ण आढळला. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला. पोलिओचेही तसेच. त्याचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. हे काम लाखो आयांनी लेकरे काखेत घेऊन रांगेत उभे राहून केले. घटसर्प आणि गोवर यांच्या बाबतीत तेच काम अजून अर्धे बाकी आहे.

पूर्वीची जोडपी म्हणत, ‘पाच झाली तर दोन जगतील.’ कारण मूल हाती लागेल की नाही याची खात्री नव्हती. आज ती खात्री मिळवणे आपल्या हातात आहे. किती मुले आणि किती अंतराने, हे आपण दोघांनी विचार करून ठरवायचे. पण जी आहेत, त्यातल्या प्रत्येकाचे कार्ड पूर्ण भरलेले हवे.

दोघांनी ठरवा

कार्ड म्हणजे फक्त आईचे काम, असे समजू नका. आईच्या हाताला कामे कमी नाहीत. लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो. तो आशाताईंकडून विचारून घ्या आणि दिनदर्शिकेवर त्या तारखेला गोल करा. त्या दिवशी एकाने अर्धा दिवस रान सोडा. मुलाला दोन घास खाऊ घालून न्या, उपाशी नेऊ नका. ‘टोचणार नाहीत’ असे खोटे सांगू नका. ‘मुंगी चावल्यासारखे होईल, मी जवळ आहे’ एवढे सांगा. मुले समजूतदार असतात.

आता त्या घरची शेवटची गोष्ट. पुढच्या वर्षी मृगाच्या आधी मी त्या गावात गेले होते. गोठ्याच्या दारावर खडूने एक तारीख लिहिली होती, बैलांची. तिच्याखाली दुसरी तारीख होती. मी विचारले, “ही कशाची?” मुलगी हसत म्हणाली, “बाई, ती भावाची. त्याला पाच वर्षं झाली.”

आपल्या दारावरही ती तारीख लिहा.

थोडक्यात लक्षात ठेवा :
• पाच, दहा आणि सोळा वर्षे. या तीन सुया चुकवू नका.
• शाळेतल्या तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.
• चिठ्ठी मिळाली तर आठ दिवसांत दाखवा.
• घसा दुखून मान सुजली, श्वासाची घरघर लागली तर घरगुती उपाय करत बसू नका.
• कार्ड जपा. पिशवीच्या तळाशी नको, हाताशी ठेवा.

हे पत्रक वाचून झाल्यावर टाकून देऊ नका. शेजारच्या घरी द्या. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा.